सोलरच्या नोकरीत आपल्या हाती मीटर की वायपर?

'सोलरमध्ये जा, तिथे भविष्य आहे,' असा सल्ला हल्ली आयटीआयच्या पोरांना जो तो देतो. सल्ला खोटा नाही. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनल बसवायचे आहेत, गावोगावी सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प उभे राहत आहेत. पॅनल वीस-पंचवीस वर्षे चालतो, म्हणजे देखभालही तेवढीच चालणार. प्रश्न असा, की आपला पोरगा तिथे कोणत्या कामाला उभा राहणार?

देखभाल म्हणजे एकच काम नव्हे. धूळ बसली की वीज घटते, म्हणून पॅनल धुणे, खालचे गवत काढणे हे एक. क्लॅम्प मीटरने स्ट्रिंगचा करंट तपासणे, जळालेला कनेक्टर बदलणे, इन्व्हर्टरचा एरर वाचून दोष शोधणे हे दुसरे. पहिल्यात कितीही वर्षे घातली तरी माणूस आपोआप दुसऱ्यात जात नाही. वीजतंत्री ट्रेड पास झालेला पोरगा कंत्राटदाराकडे 'हेल्पर' म्हणून लागतो आणि हातात वायपर येतो. झाडू गेला, वायपर आला! जात नुसती कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच वरखाली रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते.

काही मित्र म्हणतात, सुरुवातीला पडेल ते काम करावे, अनुभव मिळतो. कसला अनुभव? ऊन आहे तोवर पॅनल बंद करता येत नाही. मेन स्विच पाडला तरी स्ट्रिंगवर डीसी दाब राहतोच, मोठ्या प्रकल्पात १००० ते १५०० व्होल्टपर्यंत. डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर हात भाजतो. तडकलेल्या काचेवर पाणी मारणाऱ्याला हे कोण सांगते?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. आपण जयंतीला आठ तासांचा कायदा सांगतो आणि वीज विसरतो. स्वस्त विजेतून उद्योग आणि उद्योगातून दारिद्र्यमुक्ती, असा त्यांचा हिशेब होता. आज अनेक प्रकल्प गायरानावर येत आहेत. याच जमिनींसाठी दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी तुरुंग भरले. गायरानाचा विषय स्वतंत्र लेखाचा, पण जमीन देऊन वायपर घेण्याचा सौदा आपल्याला मान्य आहे का?

तारतंत्री परवान्यासाठी अर्ज करा. हजेरीपत्रकावर आपले पदनाम काय लिहिले आहे ते वाचा. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यायची असते, हेही लक्षात ठेवा. आणि एका प्रकल्पावर आपली चार-पाच पोरे असतील तर पहिली मागणी पगारवाढीची करू नका. इन्सुलेटेड हातमोजे मागा, मीटर मागा, आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीच्या कामावर पाळी मागा. पगाराचे बोलणे त्यानंतर करू, आणि तेव्हा हेल्परच्या दराने करणार नाही.