टीप मारणारे आणि टीपा लिहिणारे

मराठी ललित गद्यात गेली काही वर्षे एक वस्तू वारंवार येऊ लागली आहे : आजीचे शिलाई मशीन. ते बहुधा सिंगरचे असते, काळेभोर असते, त्यावर सोनेरी वेलबुट्टी असते आणि माजघराच्या खिडकीशी दुपारच्या उन्हात उभे असते. आजी पाय हलवत राहते, नातवाचा डोळा लागतो आणि लेखाच्या शेवटी लेखकाला आयुष्याची उसवण कशी शिवावी याचा साक्षात्कार होतो. दिवाळी अंकांतून, रविवार पुरवण्यांतून आणि आमच्याच विद्यार्थ्यांच्या निबंधांतून हे मशीन आम्हांला इतक्यांदा भेटले आहे की त्याचा आवाजही पाठ झाला आहे. कारण तो प्रत्येक लेखात एकाच शब्दाने वर्णिलेला असतो. मात्र त्या मशीनला गोल बॉबिन होते की नावेच्या आकाराचे लांबट शटल, त्यावर काय शिवले जाई, कोणासाठी, किती पैशांना, आणि आजीच्या पश्चात ते कोठे गेले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर या लेखांत सापडत नाही.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकतो. ते भंगारात गेले. वरचा भाग किलोवर विकला गेला आणि बिडाचे पाय एखाद्या पर्यटक-निवासात पोहोचले. आमच्या वेंगुर्ल्याच्या परिसरात आणि एकूणच मालवणी किनाऱ्यावर अशा निवासांतून हिंडताना आम्ही हे पाय नाना रूपांत पाहिले आहेत. कोठे त्यांवर काच टाकून जेवणाचे टेबल केलेले असते, कोठे हात धुण्याचे भांडे बसवलेले असते. पायाखालची जाळीदार पट्टी हालू नये म्हणून तारेने बांधून टाकलेली असते. पाहुण्यांना ती हलवून पाहण्याचा मोह होतो आणि टेबल डुगडुगते, म्हणून ही व्यवस्था. ‘जुन्या कोकणाचा स्पर्श’ असे यास म्हणतात.

आमचे म्हणणे असे की हे टेबल आणि तो ललित लेख ही एकाच वृत्तीची दोन अपत्ये आहेत. दोघांनाही मशीन हवे आहे. ते चालायला मात्र नको आहे.

ही वृत्ती केवळ आपल्याकडची नाही. ऑलसेंट्स या ब्रिटिश कंपनीने आपल्या कपड्यांच्या दुकानांच्या दर्शनी काचांआड शेकडो जुनी शिलाई मशिने रांगांनी रचून ठेवली, आणि विकायचे कपडे शिवले मात्र दुसरीकडे. त्याहून बोधप्रद प्रकार २००९ साली सौदी अरेबियात घडला. जुन्या सिंगर मशीनच्या सुईत ‘लाल पारा’ नावाचा अनमोल पदार्थ असतो, अशी अफवा तेथे पसरली. मोबाइल फोन सुईजवळ नेला आणि त्याचा संपर्क तुटला की मशीन अस्सल, अशी परीक्षाही लोकांनी ठरवली. एरवी कोणी ढुंकून न पाहिलेल्या मशिनांसाठी हजारो रियाल मोजले जाऊ लागले आणि शेवटी सरकारला खुलासा करावा लागला. असा काही पारा त्या मशिनांत नव्हता, हे सांगणे नलगे. आपल्या समीक्षेला मात्र हा खुलासा अजून पोहोचलेला नाही. मशीन दिसले की त्यात स्त्रीचे सोसणे, काळाचे चक्र, परंपरेचा धागा असला कोणता तरी लाल पारा शोधायचा, तो मिळाला असे जाहीर करायचे आणि पुढच्या पुस्तकाकडे वळायचे, ही आपली रीत आहे.

वस्तुतः या वस्तूचा इतिहास प्रतीकांहून अधिक गुंतागुंतीचा आहे. फ्रान्समध्ये थिमोनिए या शिंप्याने १८३० साली शिवणाच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यात घुसून यंत्रे फोडली. म्हणजे शिंपी आणि मशीन यांचे नाते वैराने सुरू झाले. अमेरिकेत एलायस हाऊ याचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगरचे १८५१ चे. सिंगर कंपनीचे यश यंत्राइतकेच हप्तेबंदीच्या विक्रीत होते, आणि ती पद्धत कंपनीने हिंदुस्थानातही आणली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी कंपनीचा येथील कारभार उभारला. डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकाराने आपल्या २०१३ च्या ग्रंथात सायकल, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांच्या पंक्तीला शिलाई मशीन बसवून, हिंदुस्थानातील आधुनिकता आगगाडीइतकीच या लहान यंत्रांतून घराघरांत शिरली असे दाखवले आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी हा ग्रंथ वाचायला हरकत नसावी.

स्मरणरंजनाच्या मोहातून महात्माही सुटला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या मशीनचा अपवाद केला. बायकोला हाताने शिवताना कष्टी होताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढले, अशी कथा त्यांनी सांगितली. प्रत्यक्षातील सिंगर हा अनेक संसार थाटलेला, वीसहून अधिक मुलांचा बाप असलेला नटवा गृहस्थ होता. त्याला रस होता तो पैशात. परंतु गांधीजींचे मोठेपण असे की समोरच्याने ‘मग ही यंत्रे बनवण्यासाठी कारखाना लागेलच ना?’ असे विचारताच त्यांनी प्रश्न टाळला नाही. असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत असे उत्तर दिले. त्यांची कथा खोटी होती, पण विचार यंत्र कोण बनवतो आणि ते कोणाच्या मालकीचे असते येथवर पोहोचला होता. आपला ललित लेख कथेपाशीच थांबतो.

वेंगुर्ल्याबाबत बोलायचे तर हे बंदर एके काळी बेळगावचे बंदर होते. डचांची वखार सतराव्या शतकातली. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. बेळगावला रेल्वे पोहोचण्यापूर्वी घाटावरचा माल बैलगाड्यांनी येथे उतरत असे आणि मुंबईचा माल येथून वर चढत असे. अशा गावात यंत्रे समुद्रमार्गे आली यात नवल नाही. पण आमच्या घरांतली बरीचशी मशिने पाहता त्यांची वाट आणखी वेगळी दिसते : ती गिरणगावातून आली. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या चाकरमान्याने घेतलेले मशीन, खोलीत बायकोने शेजारणींची पोलकी शिवून चालवलेले, आणि १९८२ च्या संपानंतर बिऱ्हाडासकट गावी आणलेले. हे मशीन आजीच्या दुपारच्या उन्हातले नव्हे. ते संपाच्या काळात चूल पेटती ठेवणारे आहे. त्यावर कोणी ललित लेख लिहिला तर आम्ही तो आनंदाने वाचू. अट इतकीच की त्यात पोलक्याची शिलाई किती, हे असले पाहिजे.

आता थोडे यंत्राविषयी, कारण विषयाचा गाभा तोच आहे. माळ्यावरून काढलेले मशीन फिरत नाही म्हणून ते मेले असे समजू नये. खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने बिडाला गंज चढतो हे खरे; पण आतले दांडे बहुतेक वेळा गंजाने नव्हे, वाळलेल्या तेलाने अडकलेले असतात. आमच्या भागात हे तेल पुष्कळदा खोबरेल असते. घरात जे असेल ते घालायचे, अशी रीत. आणि खोबरेल काळाने चिकट होऊन सांध्यांत बसते. रॉकेलचे थेंब प्रत्येक सांध्यात सोडावेत, दिवस-दोन दिवस थांबावे, चाक जोर न लावता मागेपुढे हलवत राहावे. सुटले की सगळे पुसून मशीनचेच तेल द्यावे. सोनेरी नक्षीवर स्पिरिट लावू नये; वरचा लाखेचा थर विरघळतो आणि नक्षी फडक्यावर उतरते. सुईची चपटी बाजू मॉडेलप्रमाणे डावीकडे की उजवीकडे हे पाहून बसवावे लागते, नाहीतर टीप पडतच नाही. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की नवशिका बॉबिनला दोष देतो. दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ताणात असतो. सिंगरच्या १५ नंबरच्या मॉडेलची सुई आणि बॉबिन आजही बाजारात कोठेही मिळते, कारण देशी काळी मशिने त्याच घाटाची आहेत. त्याहून जुन्या १२ नंबरच्या मॉडेलची सुई मात्र दुर्मीळ झाली आहे, आणि २७-२८ नंबरच्या मॉडेलांचे शटल हरवले की शोधाशोध अटळ.

मशीन कधीचे हे ठरवण्याची रीत पाठचिकित्सकांना परकी वाटू नये. तळाशी उजव्या हाताला क्रमांक कोरलेला असतो. ढोबळमानाने नुसता आकडा असेल तर ते एकोणिसाव्या शतकातले, आकड्यापूर्वी अक्षर असेल तर १९०० नंतरचे. क्लाइडबँक या स्कॉटलंडमधल्या कारखान्याची आणि अमेरिकेतल्या कारखान्यांची अक्षरे निराळी. क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. त्याने बनवलेली मशिने येथे अद्याप कामास तयार आहेत. पण क्रमांकावर विसंबून चालत नाही, कारण मशिनात प्रक्षेप फार. डोके सिंगरचे, बॉबिन केस उषाची, चाक लुधियानाचे, पाय तिसऱ्याच मशीनचे, पट्टा गेल्या महिन्यातला. संग्राहक मंडळी असे मशीन नाकारतात. त्यांना ‘मूळ’ हवे असते. नंतरचे भाग काढून टाकून, परदेशातून जुळणारे भाग मागवून ते शुद्ध प्रत सिद्ध करतात आणि मग तिला हात लावू देत नाहीत. आम्हांला हे अडाणीपणाचे वाटते. प्रत्येक प्रक्षिप्त भाग म्हणजे ते मशीन एकदा बंद पडले होते आणि कोणाला तरी ते चालू करण्याची गरज होती, याचा पुरावा आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आदर करणाऱ्यांना हे सांगायला नको की त्या संपादकांनी वगळलेला मजकूरही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. भंगारात दिला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. जुने मशीन केवळ सरळ टीप मारते. आज साडीला फॉल-पिको करायचे तर झिगझॅग लागते, कुर्त्याच्या कडांना ओव्हरलॉक लागते. शिवणावर पोट असलेल्या बाईला तुमची बिडाची आजी काय कामाची? शिवाय पायाने मशीन चालवून कंबर आणि गुडघे जातात, त्याचे गोडवे तुम्ही प्राध्यापकांनी पंख्याखाली बसून गाऊ नयेत. आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हांला पूर्ण मान्य आहे. म्हणून मोटर बसवलेल्या जुन्या मशीनला नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पूर्वार्धाला उत्तर असे की पिकोचे मशीन हवेच, पण ते सरळ टीपेच्या मशीनच्या जागी नव्हे, जोडीला हवे. गोधडीचे चार थर, जाड पडदे, शाळेच्या गणवेशाची पाठशिवण, दशावतारी नाटकमंडळींचे जरीचे अंगरखे, हे सगळे सरळ टीपेचे काम आहे. आणि जाड थरांपुढे हलक्या बांधणीची नवी मशिने सुई मोडून बसतात हे शिवणाऱ्या बायकाच सांगतात.

सरकारी योजनांविषयी थोडक्यात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम समाविष्ट आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे. चांगली गोष्ट आहे. पण मशीन देण्याची योजना असते तशी मशीन दुरुस्त करणारा तयार करण्याची कोठे ठळकपणे दिसत नाही. गावोगावी दुरुस्ती करणारे हात थकत चालले आहेत आणि त्यांच्या हाताखाली कोणी शिकत नाही. एकीकडे नव्या मशीनचे वाटप, दुसरीकडे दुरुस्तीअभावी जुन्याची किलोवर विक्री, आणि तिसरीकडे त्याच जुन्याच्या पायांवर पर्यटकांचे जेवण. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी नावाजल्या गेलेल्या आमच्या गावाला यातली विसंगती कळायला अवघड जाऊ नये.

आणि आता घरचा प्रश्न. पाडगावकरांचे जन्मगाव, दळवींचे आरवली, खांडेकरांच्या शाळेचे शिरोडे हे सगळे आमच्या एका तालुक्यात येते, त्यामुळे अभ्याससहली घेऊन प्राध्यापक येथे नेहमी येतात. घरे पाहतात, समुद्र पाहतात. बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात एकही सहल गेलेली आम्ही पाहिली नाही. वर्गात मात्र आपण संत नामदेवांचा उल्लेख शिंपी म्हणून करतो आणि पुढे जातो. गुरुग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात गज आणि कातर येतात. ही अवजारे त्यांनी कोणाच्या माळ्यावर शोधून काढलेली नव्हती. ती रोजच्या हातातली होती, म्हणून पदात बसली. प्रतिमा वापरू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्या वस्तूची प्रतिमा करायची तिचे काम ठाऊक असावे, एवढी जुजबी अपेक्षा आहे. शेतीवर लिहिणाऱ्याकडून आपण ती करतो, शिवणावर लिहिणाऱ्याला सूट का?

म्हणून आम्ही आमच्या पदव्युत्तर वर्गापुरता एक नियम केला आहे. जुन्या वस्तूवर प्रकल्प लिहायचा तर ती वस्तू चालू स्थितीत आणावी, निदान का चालत नाही ते सांगावे. मशीन निवडले तर क्रमांक उतरवावा, कोणते भाग नंतरचे ते नोंदवावे, ते चालवलेल्या बाईशी किंवा पुरुषाशी बोलावे आणि कामाचे दर विचारावेत. प्रतीकांविषयीचे प्रकरण शेवटी, आणि दोन पानांहून अधिक नको. यंदा अशी दोन मशिने माळ्यावरून खाली आली. एकावर चतुर्थीच्या मखराचे पडदे शिवून झाले. दुसरे २८ नंबरचे आहे, चाक मोकळे फिरते, पट्टा नवा बसवला आहे. फक्त शटल नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या बटणांच्या डब्यात नावेच्या आकाराचे, बोटभर लांबीचे पोलादी शटल पडले असेल, तर ते काय आहे हे न कळून टाकून देण्यापूर्वी आम्हांला कळवावे.