खाऊचा डबा : जपानी चिप्समधली सगळ्यात चवदार पिशवी कोणती?



आपली मुलं लष्करातून सुटली की पाठीला बॅग लावून जग बघायला निघतात. पूर्वी त्यांची धाव भारत-नेपाळपर्यंत असे. २०२३ साली तेल अवीवहून टोकियोला थेट विमान सुरू झालं आणि जपानही जवळचा वाटू लागला. परत येताना बॅगेत हमखास काय असतं? बटाट्याचे चिप्स! पिशव्या टेबलावर मांडल्या की नातवंडं विचारतात, "यात सगळ्यात भारी कोणते?" आणि आजी विचारते, "यात घातलंय काय?" जपानी चिप्सच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकच आहेत बरं का. त्यांची चव ज्या बारीक पुडीतून येते, नेमकी तीच आपल्याला तपासायची असते. म्हणून या वेळच्या डब्यात दोन्ही उत्तरं एकत्र देते.

बटाटा कुठला?

आधी थोडी ओळख. जपानी लोक बटाट्याला 'जागाइमो' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो जकार्ताकडून नेला. त्या गावाला जपानी लोक 'जागातारा' म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. आपला मराठी 'बटाटा' पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरला आणि हिब्रूत तो झाला 'तपुआख अदामा', म्हणजे जमिनीतलं सफरचंद. एकच कंद, पण प्रत्येक बंदरावर नाव नवं. आपल्यासारखंच म्हणायचं!

जपानचे बहुतेक बटाटे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर पिकतात, देशाच्या एकूण पिकाच्या जवळजवळ ८० टक्के. तिथला प्रसिद्ध बटाटा 'दानशाकु', म्हणजे 'बॅरन'. कावादा नावाच्या एका बॅरनने १९०८ च्या सुमारास परदेशी बियाणं आणून तो लावला, म्हणून हे नाव. उकडायला, कुस्करायला हा छान, पण चिप्ससाठी कारखानदार 'तोयोशिरो'सारख्या वेगळ्या जाती घेतात. कारण सोपं आहे. बटाट्यात साखर जास्त असली की तळताना तो काळपट आणि कडू होतो. बटाटा फ्रिजमध्ये ठेवला तर थंडीने त्यातल्या पिठाची साखर होते. तेव्हा आजीबाई, चिप्स करायचे असतील तर बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका!

या एकाच बेटावर सगळा भार असल्याने एकदा मोठी पंचाईत झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये होक्काइदोवर एकामागून एक वादळं आली आणि पिकाची नासाडी झाली. एप्रिल २०१७ मध्ये कॅल्बी कंपनीला आपल्या बऱ्याच चवींची विक्री थांबवावी लागली. लोकांनी दुकानं धुंडाळली आणि काही चवींच्या पिशव्या मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकल्या गेल्या. चिप्ससाठी एवढं! यावरून जपानी माणसाचं या खाऊवरचं प्रेम कळतं.

चिप्स जपानी कसे झाले?

चिप्स मूळचे अमेरिकेचे. जपानमध्ये ते १९५० च्या सुमारास विकायला आले तेव्हा महाग होते. १९६२ साली कोइके-या कंपनीने त्यावर मीठ आणि वाळलेलं हिरवं समुद्रशेवाळ भुरभुरून 'नोरी-शिओ' चव काढली. नोरी म्हणजे शेवाळ, शिओ म्हणजे मीठ. तिथून हा खाऊ खरा जपानी झाला. कॅल्बी ही हिरोशिमात १९४९ साली सुरू झालेली कंपनी. नावातला 'कॅल' कॅल्शियमचा आणि 'बी' व्हिटॅमिन बी-१ चा, कारण युद्धानंतर लोकांच्या पोटात सकस काही जावं अशी मालकाची इच्छा होती. तिने १९६४ मध्ये कोळंबीची लांबट काडी काढली आणि बटाटा चिप्स १९७५ मध्ये. गंमत बघा, १९६४ हेच आपल्या इस्राएलच्या बाम्बाचंही जन्मवर्ष!

आता एकेक चव

साधं मीठ, जपानी नाव 'उसु-शिओ', म्हणजे हलकं मीठ. परीक्षा इथून सुरू करा. मसाला कमी असल्याने बटाटा आणि तेल दोन्ही उघडे पडतात. जुनं तेल असेल तर जिभेला लगेच कळतं. आपल्या बेने इस्राएल मंडळींना तेल काय शिकवायचं! कोकणात आपले पूर्वज घाणा चालवीत, शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. जपानी चिप्स बहुतेक पाम तेलात तळतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यात तांदळाच्या कोंड्याचं तेल मिसळतात. त्याला स्वतःचा वास कमी, त्यामुळे बटाट्याची चव झाकली जात नाही. पण सावधान, 'साधं मीठ' म्हणजे फक्त मीठ नव्हे. कधीकधी त्यात कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाचा अर्क असतो. याच कोंबूतून १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. गोड, आंबट, खारट, कडू याखेरीजची ही पाचवी चव.

नोरी-शिओ. निव्वळ चवीचा निकाल विचाराल तर माझा पहिला नंबर याला. खारट चिप्सवर समुद्राचा वास. अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भरती ओसरल्यावर येतो ना, तसा! ज्यांनी तो वास लहानपणी घेतलाय त्यांना तो लगेच ओळखू येईल. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. अशा पिशव्यांवर पुष्कळदा लिहिलेलं असतं की हे शेवाळ कोळंबी आणि खेकडे राहतात त्या पाण्यातून काढलेलं आहे. ही सूचना ॲलर्जी असणाऱ्यांसाठी असते, पण आपल्यालाही ती उपयोगी. शेवाळ वनस्पती म्हणून चालतं, त्यात अडकलेला बारीक जीव चालत नाही.

कॉन्सोमे. कॅल्बीने ही चव १९७८ मध्ये आणली आणि मुलांना ती फार आवडते. कॉन्सोमे म्हणजे मांसाचं निवळ सूप. अशा पुडीत गाय, कोंबडी, डुक्कर यांचा अर्क आणि वर दूधही असू शकतं. बसारी आणि हलावी एकाच पिशवीत! ही बाजूला ठेवा. वासाबी आणि बीफ यांच्या जोडचवीचे चिप्स १९८७ पासून मिळतात. त्यांचं नाव ऐकूनच उत्तर कळतं.

लोणी. कॅल्बीचे 'शिआवासे बटर' म्हणून चिप्स आहेत. शिआवासे म्हणजे सुख. जपानीत 'शि' म्हणजे चार आणि 'आवासे' म्हणजे एकत्र करणं, म्हणून त्यात मध, लोणी, पार्स्ली आणि मास्कार्पोने चीज अशा चार चवी. बालमित्रांनो, आहे ना गमतीचं नाव! पण हे हलावी, शिवाय चीज कुठलं हा प्रश्न आहेच.

तिखट. १९८४ मध्ये कोइके-याने 'कारामूचो' काढलं. त्याच्या पिशवीवर चक्क एक आजीबाई आहे, तिखट लागून 'ही... ही...' करणारी! तिखट खाण्यात आपल्या आज्या तिला हरवतील. मात्र पैज लावून अतितिखट चिप्स खाऊ नका. जुलै २०२४ मध्ये टोकियोच्या एका शाळेत असेच चिप्स खाऊन १४ विद्यार्थ्यांना इस्पितळात न्यावं लागलं. लहान मुलांनी आणि पोटाचा त्रास असणाऱ्या आजोबांनी त्यापासून लांबच राहावं.

कोळंबीच्या काड्यांचं पाकीट चिप्सच्याच फळीवर असतं. वर लाल कोळंबीचं चित्र असतं, तेव्हा ओळखणं सोपं.

पिशवी कशी वाचायची?

जपानी बाजारातल्या बहुतेक पिशव्यांवर कोशेर शिक्का नसतो. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करता येतं. पण ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जपानी कायद्याने कोळंबी, खेकडा, दूध, अंडं, गहू अशा काही वस्तू ॲलर्जीसाठी छापणं सक्तीचं आहे. गाय, कोंबडी आणि डुक्कर यांचं मांस मात्र सक्तीच्या यादीत नाही. ते छापावं अशी फक्त शिफारस आहे. म्हणजे ॲलर्जीच्या चौकटीत डुक्कर दिसलं नाही, यावरून ते नाहीच असं ठरत नाही! खालची घटकांची पूर्ण यादी वाचायची, आणि तिथे नुसता 'अर्क' किंवा 'मसाला' असेल तर तो कशाचा हा प्रश्न उरतोच.

प्रवासाला निघणाऱ्या नातवंडांना हे शब्द पाठ करायला सांगा. बुता म्हणजे डुक्कर, ग्यू म्हणजे गाय, तोरी म्हणजे कोंबडी, एबी म्हणजे कोळंबी, कानी म्हणजे खेकडा, ग्यून्यू म्हणजे दूध. दुकानात विचारायचं, "बुता हाइत्ते इमास का?" म्हणजे "यात डुक्कर आहे का?" मात्र दुकानदाराचं "नाही" म्हणजे हेखशेर नव्हे. कढई एकच असते, तेल एकच असतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? घटकांची यादी चांगली वाटली तरी आपल्या रब्बींना फोटो दाखवा आणि ते सांगतील तसं करा. काही घरांत चालतं, काहींत नाही. त्यावरून जेवणाच्या टेबलावर वाद नको.

एक गोष्ट तब्येतीची. जपानी पिशवीवर मिठाचं प्रमाण ग्रॅममध्ये छापलेलं असतं, ते रक्तदाबवाल्यांनी बघावं. ६० ग्रॅमच्या पिशवीत सुमारे ३३० कॅलरी असतात, म्हणजे एका माणसाने एकट्याने संपवायची ही गोष्ट नाही.

घरच्या घरी परीक्षा

चालणाऱ्या दोन-तीन पिशव्या असतील तर शब्बाथ संपल्यावर मुलांसोबत खेळ करा. वाट्यांना १, २, ३ असे आकडे द्या, पिशव्या लपवा. आधी साधं मीठ, मग शेवाळ, शेवटी तिखट, कारण तिखटानंतर जिभेला बाकी काही कळत नाही. मध्ये पाणी प्या. चार गोष्टींना गुण द्या: कुरकुरीतपणा, तेलाचा वास, बटाट्याची चव, आणि खाऊन झाल्यावर तोंडात काय उरतं ते. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नुसतं मीठ उरलं तर चिप्स सामान्य. बटाटा उरला तर उत्तम.

आणि एकही पिशवी चालणारी नसेल तर? मुलांना "खाऊ नको" एवढंच सांगून आजीने हात झटकू नयेत. नातवाने हजारो मैलांवरून आठवणीने आणलेली वस्तू त्याच्या समोर कचऱ्यात टाकली, तर पुढच्या खेपेला तो विचारायचाही बंद होईल. त्यापेक्षा त्याला सोबत घेऊन नोरी-शिओ घरीच करा. सुशीसाठी लागणारी नोरीची पानं इथल्या दुकानात हेखशेरसह मिळतात.

दोन मोठे बटाटे किसणीवर पातळ काप करून घ्या. पाणी दोन-तीनदा बदलून धुवा, दहा मिनिटं पाण्यात ठेवा, म्हणजे वरचं पीठ निघून जाईल. स्वच्छ कापडावर अगदी कोरडे करा. पार्वे कढईत तेल तापवून थोडे थोडे तळा. बुडबुडे येतात ते बटाट्यातल्या पाण्याचे. ते थांबत आले की काप काढा, गरम असतानाच मीठ टाका. नोरीचं पान तव्यावर क्षणभर शेकून हाताने चुरा आणि भुरभुरा. चिमूटभर लाल तिखट घाला. कढईपाशी आजीने उभं राहायचं, नोरी चुरायचं काम नातवंडांचं.

तर निकाल असा. दुकानातल्या पिशव्यांत चवीला पहिली नोरी-शिओ, तेलाची पारख करायला उसु-शिओ. आणि आपल्या घरासाठी पहिला नंबर घरच्या कढईतल्या नोरी-शिओला, कारण त्या वाटीत आजीचाही हात जातो.

बालमित्रांनो, तुमच्या घरच्या परीक्षेत कोण जिंकलं ते आजी-आजोबांकडून मराठीत लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा. त्यांनी सांगायचं, तुम्ही हिब्रूत लिहिलं तरी चालेल! पुढच्या डब्यात पुन्हा भेटू. तोवर लेहित्राओत!