परदेशी निघालेला मिक्सर

परदेशी जाणाऱ्या माणसाच्या सामानाची बांधाबांध तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बेलापूरसारख्या गावातही आता हे नवलाचे राहिलेले नाही. कोणाची ताई अमेरिकेत शिकायला निघते, कोणाचे काका आखाती देशात नोकरीला. बॅगेत मसाला, पापड, लोणचे यांची दाटी होते आणि त्यांच्यामध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेला मिक्सर जाऊन बसतो. मग घरातले कोणीतरी विचारते, "तिकडची पिन कशी असते?" बाजारातून एक अडॅप्टर आणला जातो आणि सर्वांना वाटते, चला, विजेचा प्रश्न सुटला.

माझे मत असे की, पिनेचा हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. तो पहिल्यांदा विचारला जातो, म्हणूनच उपकरणे जळतात आणि कधी कधी घरालाही धोका पोहोचतो. पहिले काम म्हणजे उपकरण उलटे करून त्याच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचणे. आपल्या मिक्सरवर साधारणतः २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि ५०० किंवा ७५० वॅट असे आकडे असतात. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. हर्ट्झ म्हणजे वारंवारता. प्रवाहाच्या उलटसुलट जाण्याची किती आवर्तने एका सेकंदात पुरी होतात, तो आकडा. अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्ट आणि वारंवारता ६० हर्ट्झ आहे. अडॅप्टर यांपैकी एकही आकडा बदलत नाही. तो फक्त एका आकाराच्या पिना दुसऱ्या आकाराच्या भोकांत बसवून देतो.

तुम्ही म्हणाल, जगात सगळीकडे एकच वीज का नाही? याचे उत्तर विज्ञानापेक्षा इतिहासात अधिक सापडते. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाला वर्षानुवर्षे 'बेलापूर' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. एकदा पडलेले नाव सहजी जात नाही. विजेच्या आकड्यांचेही तसेच झाले. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचे वीजघर सुरू केले, तेव्हा त्याच्या कार्बनच्या तंतूच्या दिव्यांना सुमारे ११० व्होल्टचा दाब मानवत असे. दिवे लागले, तारा पडल्या, यंत्रे विकली गेली आणि अमेरिका त्याच आकड्याच्या आसपास राहिली. युरोपात १९ व्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या वीजकंपनीने दाब वाढवून २२० व्होल्ट केला. दाब दुप्पट केला, तर तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहात पोहोचते आणि त्याच तारेतला उष्णतेचा अपव्यय चौथाईवर येतो. तांबे महाग असल्याने हा हिशेब युरोपला पटला. आपल्याकडे वीज इंग्रजी अमलात आली, म्हणून आपणही वरच्या दाबाच्या गटात पडलो.

बेलापूरच्या परिसरात तर याचा मोठा बोलका दाखला आहे. श्रीरामपूर तालुक्यात १९७० च्या सुमारापासून २०११ पर्यंत 'मुळा-प्रवरा' ही सहकारी संस्था वीज पुरवीत असे. ग्रामीण भागासाठी देशात ज्या पाच वीज सहकारी संस्था प्रयोगादाखल उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. या प्रयोगामागे अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी चळवळीचा सल्ला होता. सल्ला अमेरिकेचा आला, पण तारांमधून वाहिली ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज. तसे होणे भागच होते, कारण देशभरची वीजघरे, मोटारी आणि दिवे त्याच आकड्यांवर बेतलेले होते.

जपानने तर याहून मोठी पंचाईत करून ठेवली आहे. १९ व्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीकडून ५० हर्ट्झची जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकेकडून ६० हर्ट्झची. आजही पूर्व जपान ५० वर आणि पश्चिम जपान ६० वर चालतो. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची टंचाई झाली, पण वारंवारता बदलणारी केंद्रे सुमारे १० लाख किलोवॅटपुरतीच असल्यामुळे पश्चिमेची वीज हवी तेवढी देता येईना. एका देशाच्या दोन भागांची ही गत, तर दोन देशांमध्ये फरक असला यात नवल कसले?

आता थोडे गणित करू. आपली १००० वॅटची इस्त्री घ्या. दाबाचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती, हे सूत्र तुम्ही दहावीत शिकता. २३० चा वर्ग ५२,९०० होतो. त्याला १००० ने भागले की इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम निघतो. हीच इस्त्री अमेरिकेत १२० व्होल्टवर लावली तर १४,४०० भागिले ५३, म्हणजे जेमतेम २७२ वॅट. दाब निम्म्यावर आला, पण उष्णता निम्मी न होता जवळजवळ चौथाई झाली. अशा इस्त्रीने रुमालाची घडीही धड मोडणार नाही. या सूत्राचा अनुभव तुम्ही घरीही घेतलेला आहे. भोवतालचे शेतीपंप एकदम सुरू होऊन दाब १८० व्होल्टवर उतरला की इस्त्रीची शक्ती ६१ टक्क्यांवर येते. कपड्याच्या सुरकुत्या जात नाहीत आणि आपण इस्त्रीला दोष देतो.

खरा धोका उलट दिशेने आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. अमेरिकेतून सुटीवर येणारे नातेवाईक प्रेमाने एखादी इस्त्री, भात शिजवायचे भांडे किंवा केस वाळवायचे यंत्र घेऊन येतात. त्यांवर १२० व्होल्ट लिहिलेले असते. तिकडच्या १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे १४.४ ओहम असतो. ती बेलापुरात २३० व्होल्टवर लावा: ५२,९०० भागिले १४.४, म्हणजे सुमारे ३६७० वॅट! प्रवाह १६ अँपिअरच्या घरात जातो. नशीब चांगले असेल तर इस्त्री जळते किंवा फ्यूज उडतो. पण फ्यूजच्या जागी कोणी जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर भिंतीतली वायर तापते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक अडॅप्टरवर 'याने व्होल्टेज बदलत नाही' हे वाक्य ठळक अक्षरांत, मराठीतही, छापण्याची सक्ती असावी. सध्या त्याच्या खोक्यावर देशोदेशींचे झेंडे असतात. ते पाहून माणसाला वाटते, हा जगात कोठेही चालतो. तो चालतो, पण आपल्या उपकरणाचे काय?

मग दाब बदलायचा कसा? त्यासाठी रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर लागतो. लोखंडी गाभ्यावर तांब्याची वेटोळी असतात, म्हणून तो जड असतो. मिक्सर सुरू होताना नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह खेचतो, त्यामुळे ७५० वॅटच्या मिक्सरला त्याच्या दुप्पट क्षमतेचे रोहित्र घेणे शहाणपणाचे. ते कित्येक किलोंचे भरते. २३ किलोंच्या बॅगेत ते नेण्यापेक्षा आजीचा खलबत्ता नेलेला बरा. त्याला व्होल्टेज लागत नाही.

मिक्सरची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आपल्या लोकांचा जीव त्यातच अडकलेला असतो. दाण्याचे कूट, ओल्या नारळाचे वाटण आणि भिजवलेली डाळ यांच्यावाचून मराठी स्वयंपाक पुढे सरकत नाही. मिक्सरची मोटार कार्बनच्या ब्रशांची असते. ती उलटसुलट प्रवाहावर चालते, तशी एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावरही चालते. तिला युनिव्हर्सल मोटार म्हणतात. तिचा वेग वारंवारतेवर अवलंबून नसतो, त्यामुळे ६० हर्ट्झची तिला फारशी पर्वा नाही. पण दाब निम्मा झाला की सुरुवातीचा जोर साधारण पावपट उरतो. भिजवलेल्या डाळीत पाते अडते. पाते थांबले की त्याच दांड्यावरचा, मोटार गार ठेवणारा पंखाही थांबतो. वेटोळी तापतात आणि जळका वास येऊ लागतो.

काही जण सुचवतात की, अमेरिकन घरात कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्टची जोडणी असतेच, तिच्यावर आपला मिक्सर लावावा. दाब जुळतो हे खरे. पण त्या जोडणीचा संरक्षक खटका बहुधा ३० अँपिअरचा असतो. मिक्सरची बारीक वायर वितळू लागली, तरी तो पडेलच असे नाही. ही युक्ती मला मुळीच मान्य नाही.

तिकडचाच मिक्सर घ्यावा, तर तो मुख्यतः पातळ पदार्थ घुसळण्यासाठी केलेला असतो. येथे आपल्या देशातली एक हकीकत आठवते. मुंबईतले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी जर्मन बनावटीचा एक मिक्सर होता आणि त्याची मोटार जळाली. जर्मनीत ५० हर्ट्झच आहेत आणि दाबही आपल्याजवळचाच. म्हणजे पट्टीवरचे आकडे जुळत होते. जुळत नव्हते ते काम. ज्या स्वयंपाकघरासाठी तो केला होता, तेथे भिजवलेले तांदूळ आणि सुके खोबरे कोणी वाटत नव्हते. माथुरांनी भारतीय वाटणाला पुरे पडेल अशी दणकट मोटार तयार केली आणि १९६३ च्या सुमारास 'सुमीत' मिक्सरचा जन्म झाला. आज भारतीय कंपन्या अमेरिकेसाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात. तिकडे स्थायिक होणाऱ्याने तोच घ्यावा आणि येथला मिक्सर येथेच ठेवावा. घरी राहणाऱ्या माणसांनाही चटणी लागतेच.

दुबई, मस्कत किंवा लंडनला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे दाब आणि वारंवारता आपल्यासारखीच असल्यामुळे मिक्सर न्यायला हरकत नाही. सौदी अरेबियात मात्र ६० हर्ट्झ आहेत. पंखा आणि फ्रिज यांच्या मोटारी प्रेरण पद्धतीच्या असतात. त्यांचा वेग वारंवारतेशी बांधलेला असतो आणि ६० हर्ट्झवर तो सुमारे एक पंचमांशाने वाढू पाहतो. रोहित्राने दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही, हेही ध्यानात असू द्या. पूर्वी अमेरिकेहून आणलेली विजेची घड्याळे आपल्याकडे तासाला दहा मिनिटे मागे पडत, ती यामुळेच. त्या घड्याळाची मोटार ६० आवर्तने म्हणजे एक सेकंद असे मोजणार आणि आपल्याकडे सेकंदाला मिळणार ५०. दिवसाला चार तासांची खोट! तबकड्या वाजवण्याच्या तिकडच्या यंत्रांवर गाणीही अशीच संथ आणि खालच्या पट्टीत लागत.

मोबाइल आणि संगणकाचे चार्जर या भानगडीतून सुटले आहेत. त्यांच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले आढळेल. आत आलेल्या विजेला ते आधी एका दिशेचे करतात, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून हवा तो दाब काढतात. अशा चार्जरला साधा अडॅप्टर पुरतो.

आता पिनेकडे येऊ. आपली गोल पिन इंग्रजांकडून आली. त्यांनी मात्र १९४७ साली चौकोनी पिनेचे, आतच फ्यूज असलेले मानक स्वीकारले आणि हळूहळू गोल पिन सोडून दिली. आपण ती अजून वापरतो. तीन पिनांतली वरची पिन जाड आणि लांब का असते? ती अर्थिंगची असते. ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी तिची लांबी अधिक असते. इस्त्रीच्या किंवा फ्रिजच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती याच वाटेने जमिनीत जाते. दोनच पिनांच्या अडॅप्टरमध्ये ही वाट बंद होते. त्याहून वाईट म्हणजे वायरची टोके उघडी करून, काडेपेटीच्या काडीने भोकात अडकवण्याची आपल्याकडची सवय. घरातले कोणी तसे करत असेल तर वयाने लहान असलात तरी हट्टाने थांबवा. या बाबतीत भिडस्तपणा कामाचा नाही. ज्या उपकरणावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी आवरण असते आणि त्याला तिसऱ्या पिनेची गरज नसते.

दिवाळीच्या माळेचे तेवढे सांगायचे राहिले. आपल्या जुन्या माळेत बारीक बल्ब एकापुढे एक जोडून २३० व्होल्ट वाटून घेतलेले असतात. ती अमेरिकेत लावली तर लालसर, मंद दिसेल. तिकडची बल्बांची माळ येथे लावली तर लावताक्षणी जाईल. आकाशकंदील मात्र कामट्या आणि कागद वेगळे करून खुशाल न्यावा. आतला बल्ब आणि होल्डर दोन्ही तिथलेच घ्यावे लागतील, कारण आपला बल्ब खाचेत अडकवून बसवतात आणि तिकडचा आट्यांवर फिरवून.