गावात स्नेही, मुक्काम हॉटेलात

आपल्या बडोदेकर मराठी घरांत एक संकेत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. ज्या गावी आपले माणूस आहे, त्या गावी हॉटेलात उतरायचे नाही. उतरलेच तर ते कळू द्यायचे नाही. कारण कळले तर यजमानाचा रुसवा वर्षभर पुरतो. हा संकेत अलीकडे मोडू लागला आहे, आणि तो मोडणारी माणसे परकी नाहीत, आपल्याच घरातली आहेत. इतकेच नव्हे, तर दोन जुने मित्र, त्यांतला एक त्याच गावचा रहिवासी, असे मिळून शनिवार-रविवार गावातल्याच हॉटेलात काढू लागले आहेत. ही नुसती चैन आहे, की आतिथ्याचा ऱ्हास, की आणखी काही, याचा थोडा विचार व्हावयास हवा.

प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग गेल्या हिवाळ्यात सुरतेच्या कतारगाममध्ये केला. माझा कॉलेजमधला एक मित्र तेथे हिऱ्याच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे. त्यात वृद्ध आई, दहावीतला मुलगा आणि नोकरी सांभाळणाऱ्या वहिनी. पूर्वी मी त्याच घरी उतरत असे. दर खेपेस मुलाचे अंथरूण बाहेरच्या खोलीत जाई, वहिनी पहाटे पाचला उठत, आणि आम्हा दोघांचे बोलणे कधी नळाच्या वेळेत तर कधी आईंच्या औषधात तुटे. या खेपेस त्यानेच फोनवर सुचविले, "अरे, जेवायला घरीच ये; पण राहू आपण दोघेही हॉटेलात. घरी आपले बोलणे कधी पुरे होते का?" वहिनींनी हसत संमती दिली. त्यांचा रविवार वाचला होता. हे त्या बोलल्या नाहीत, पण न बोलताही कळण्याजोगे होते.

हॉटेल परवडते कसे, हा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर सुरतेच्या धंद्यात आहे. व्यापारी शहरातली हॉटेले सोमवार ते शुक्रवार खरेदीदारांनी भरतात आणि शनिवार-रविवारी ओस पडू लागतात. रिकाम्या खोलीतून काहीच उत्पन्न नाही, म्हणून त्या दोन दिवसांत दर उतरतात आणि मध्यमवर्गीय गृहस्थ आत पाऊल टाकतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमची खोली तीन हजारांची. दोन रात्रींचे सहा हजार आणि कर तीनशे. जुन्या दराने हाच कर सातशेवीस झाला असता. अर्थात हॉटेलवाल्यास आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट या ५ टक्क्यांत मिळत नाही. तेव्हा पुढेमागे मूळ दरातच ती भर पडली, तर कोणी आश्चर्य मानू नये.

अडचण आली ती निराळीच. माझे ओळखपत्र बडोद्याचे, त्यास हरकत नव्हती. मित्राच्या ओळखपत्रावर कतारगामचा पत्ता पाहून मात्र नोंदवहीवरचा मनुष्य थबकला. "लोकल माणसाला खोली देत नाही," म्हणाला. दहा मिनिटे बोलणी झाल्यावर तो वळला. हा अनुभव कोणा एका हॉटेलाचा नव्हे. देशभर अनेक ठिकाणी ही रीत आहे. पाहुण्याची ओळख नोंदवून ठेवणे हॉटेलवाल्यास भाग आहे, ते योग्यच. परंतु नोंद ठेवणे वेगळे आणि गावच्या माणसावर संशय धरणे वेगळे. आपल्याच गावात दोन दिवस स्वस्थ राहावे असे एखाद्यास वाटले, तर त्याच्या हेतूविषयी शंका का यावी?

विशेषतः सुरतेस तर हे शोभत नाही. परक्याची सोय करण्याचा या शहराचा सराव साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. शहाजहानच्या काळी, १६४४ मध्ये, येथे मुघल सराई बांधली गेली. मक्केला जाणारे यात्रेकरू याच बंदरातून जहाजावर चढत. त्यांना व वाटसरूंना ती विसाव्याची जागा होती. मध्यंतरी तिचा तुरुंग झाला आणि १८६७ पासून तीत नगरपालिकेची कचेरी आली. आज सुरत महानगरपालिकेचा कारभार तेथूनच चालतो. तावेर्निये हा फ्रेंच रत्नव्यापारी सतराव्या शतकात या शहरी वारंवार येऊन गेला. हिऱ्यांसाठी सुरतेस पाहुणा येणे ही गोष्ट नवी नाही.

आणि जे पाहुणे परत गेलेच नाहीत त्यांच्यासाठी कतारगाम दरवाजाचा परिसर आहे. रविवारी सकाळी आम्ही तिकडे पायीच गेलो. इंग्रजांच्या दफनभूमीत सर जॉर्ज ऑक्झेंडन याची घुमटाची दुमजली कबर आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली, तेव्हा इंग्रजांची वखार बंद दारांआड राखणारा तो हाच. तो १६६९ मध्ये वारला आणि आधी दहा वर्षे वारलेल्या आपल्या भावापाशी निजला. जवळच डच आणि आर्मेनियन लोकांच्या दफनभूमी आहेत. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा डच अधिकारी व्हान रीड १६९१ मध्ये सुरतेस येत असता वाटेतच वारला. त्याचे थडगेही येथेच. मित्र कतारगाममध्ये वीस वर्षे राहतो, पण ही थडगी त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घरी उतरलो असतो तर तीही पाहणे झाले नसते. आम्ही भाजी आणावयास गेलो असतो.

आता घरच्या आतिथ्याविषयी. त्याचा गौरव करावा तितका थोडा, हे मान्य. आमचे तर घरच कलावंताचे. वडील दरबारचे गवई. त्यांच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्या गुणी मंडळींना धर्मशाळा ठाऊक नव्हती. रात्रीचे जेवण झाले की तंबोरे निघत आणि घरच मैफलीची जागा होई. १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्या शहराला पाहुण्याचे अप्रूप काय सांगावे! परंतु या गौरवाची दुसरी बाजू आपण क्वचितच बोलतो. ही मैफल रंगत असता चुलीपाशी कोण होते? पाहुणा किती दिवस राहणार, हे त्या बाईला कोणी विचारले होते काय? आणि पुढचा प्रश्न अधिक अवघड. ज्या उस्तादांच्या गाण्यावर आपली घरे जीव टाकीत, त्यांच्यासाठी कित्येक घरांत कपबशी निराळी ठेवलेली असे. तेव्हा आतिथ्य होते. पण ते दारात उभ्या माणसाची जात पाहून होते.

याची सर्वांत कठोर साक्ष आपल्याच शहरात मिळते. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी उतारूगृहात राहिले. ते उघडकीस येताच काठ्या घेतलेला जमाव चालून आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. शहरात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरी त्यांची सोय होऊ शकली नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कमाठीबागेत दिवस काढला. त्या दिवशी पैसे देऊन मिळणारी खोलीही त्यांना नाकारली गेली आणि मित्राचे घरही. घरचे आतिथ्य गेले म्हणून उसासे टाकणाऱ्या आपण जुन्या मंडळींनी ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तेव्हा हॉटेलामुळे आतिथ्य बुडाले, हा आरोप मला तरी मान्य नाही. घरे लहान झाली, बायका नोकरीस लागल्या, मुलांच्या परीक्षा वाढल्या. हे सारे आधी घडले, हॉटेल मागाहून आले. आणि त्याने एक गोष्ट दिली: तेथे दोघांपैकी कोणीच यजमान नसतो. ख्यालात आलापीला अवकाश लागतो, तसाच तो जुन्या मैत्रीलाही लागतो. पहिला दिवस आमचा नुसता स्वर लावण्यात गेला. मित्राच्या मनातले खरे बोलणे दुसऱ्या रात्री बारानंतर निघाले.

ते बोलणे त्याच्या धंद्याविषयी होते. जगातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ हिऱ्यांना पैलू भारतात, आणि मुख्यतः सुरतेत, पडतात, असे म्हणतात. कतारगाम आणि वराछा ही त्या कामाची दोन मोठी ठाणी. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोद येथे साडेचार हजारांहून अधिक कचेऱ्यांचा हिरेबाजार थाटात उघडला; आणि त्याच सुमारास कामच आटू लागले. परदेशी मागणी घटली, रशियन हिऱ्यांवर निर्बंध आले, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांचे भाव कोसळले, आणि ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लादला. कर पुढे चढो वा उतरो, घंटीवर बसणाऱ्या कारागिरास मधल्या महिन्यांची मजुरी परत मिळत नाही. कारण त्याची मजुरी नगावर असते. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने काम गेलेल्या रत्नकलाकारांच्या मुलांची एका वर्षाची शाळेची फी १३,५०० रुपयांच्या मर्यादेत भरण्याची योजना जाहीर केली. आमच्या दोन रात्रींचे बिल त्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास गेले. शिवाय खरेदीदार कमी आले म्हणजे खोल्या रिकाम्या राहतात. तेव्हा आमच्या स्वस्त खोलीत कोणाच्या तरी मंदीचा वाटा नव्हता, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

काम थांबले की हे कारागीर जातात कोठे? मित्र म्हणाला, "गावी. अमरेलीला, भावनगरला, भावाकडे नाहीतर मामाकडे. कोणी दोन महिने राहतो, कोणी सहा." म्हणजे ज्या उघड्या दाराला आपण जुनाट म्हणून बाजूस सारतो आहोत, तेच दार या माणसाचा विमा आहे. आपणही हे सहज विसरलो. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीएक जण कोकणातून नाहीतर देशावरून बडोद्यास आले आणि नातलगाच्या ओसरीवर राहून, घराघरांत वार लावून जेवून शिकले. त्यांना कोणी हॉटेलाचा पत्ता दिला असता, तर आज आपण येथे नसतो.

यातून मला एक साधा भेद करावासा वाटतो. हौसेने, सुखाने होणाऱ्या भेटीसाठी हॉटेल उत्तम. त्यात कोणाचा अपमान नाही आणि घरातल्या बाईची सुटका आहे. मात्र मुलाखतीला आलेला भाचा, दवाखान्यासाठी आलेली मावशी, नोकरी गेलेला मित्र, शिकायला आलेला परगावचा विद्यार्थी, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, यांना हॉटेलचा पत्ता सांगणे म्हणजे दार लावून घेणे होय. सुखवस्तू मित्राला खुशाल हॉटेलात उतरू द्यावे. त्यावर रुसू नये. त्यामुळे घरातली जी जागा मोकळी राहील, ती अडलेल्या माणसासाठी राखावी, आणि तो येईल तेव्हा त्याच्या अंथरूण-पांघरुणाचे, चहापाण्याचे काम घरातल्या पुरुषांनीही उचलावे. एवढे जमले तर जुना संकेत मोडला तरी आपल्या घरांचे काही बिघडणार नाही.