कलम २४ मधील दुर्लक्षित खंड

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, अंमलबजावणी १ एप्रिल २०१० पासूनची. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितलेली आहेत. खंड (ग) म्हणतो, संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा. लगेच खालचा खंड (घ) म्हणतो, प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता अजमावून त्याला लागेल ते जादा अध्यापन द्यावे. मसुदा लिहिणाऱ्यांना ही दोन वाक्ये परस्परपूरक वाटली असावीत. पन्नास मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र ती एकाच तासिकेवर हक्क सांगणारी दोन वाक्ये वाटतात, आणि त्यातले कोणते पाळायचे हे त्याला नेमके ठाऊक असते. अभ्यासक्रम कुठवर आला हे तपासणारा अधिकारी येतो; रांगेतल्या शेवटच्या मुलाला वाचता येते का, हे विचारायला सहसा कोणी येत नाही. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रॉम यांनी १९९१ साली दाखवून दिले होते की दोन कामांपैकी एकच मोजले जात असेल, तर दुसरे मागे पडते. आमच्या शिक्षण खात्यांनी हा सिद्धान्त न वाचताच तंतोतंत सिद्ध केला आहे.

परिणाम सर्वांसमोर आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ सालीही आकडा निम्म्याच्याच आसपास होता. मधल्या काळात महामारीने तो आणखी खाली नेला, तो पुन्हा वर आला, एवढेच.

यावर आमचे ठरलेले उत्तर म्हणजे परिपत्रक. मुलांची चाचणी घ्या, त्यांचे तीन स्तर करा, मागे पडलेल्यांचे छोटे गट पाडा, अगदीच मागे असलेल्यांना एकेकटे शिकवा, आणि हे सारे विहित नमुन्यात भरून पाठवा. योजना म्हणून यात चूक काढण्याजोगे काही नाही. काही वर्षांपूर्वी एका राज्यात तपासणीस गेलो असता मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने अशी नोंदवही पुढे केली. लाल, पिवळा, हिरवा असे तीन गट. जुलैत लाल गटात जी अकरा नावे होती, तीच अकरा, त्याच क्रमाने, फेब्रुवारीतही होती. हा जादा वर्ग कधी भरतो, असे मी विचारले. मुख्याध्यापक प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, “साहेब, वेळापत्रकात जागाच नाही. नोंदवही मात्र पूर्ण आहे.”

दिल्लीच्या वातानुकूलित सभागृहांत अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: सरकारी शिक्षकांना शिकवायचेच नसते. हे वाक्य आळशी आहे आणि पुराव्याविरुद्ध आहे. बिहारमध्ये जून २००८ मध्ये सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरे घेतली. महिनाभर, इयत्ता बाजूला ठेवून, मूल जिथे आहे तिथून. मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. पण शाळा सुरू झाल्यावर तशाच शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य पुरवले, तेव्हा हाती जवळजवळ काही लागले नाही. माणसे बदलली नव्हती. पाठ्यपुस्तक संपवण्याची सक्ती परत आली होती.

हरियाणाचा अनुभव आमच्या सेवेतील प्रत्येकाने वाचावा असा आहे. २०१२-१३ मध्ये तेथे दोन उपाय एकाच वेळी अजमावले गेले. एक म्हणजे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन: प्रशिक्षण, तक्ते, प्रगतिपत्रके. मुलांच्या शिकण्यावर त्याचा परिणाम आढळला नाही. दुसरा उपाय ‘प्रथम’च्या पद्धतीचा. दिवसातला एक तास राखून ठेवायचा, तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवायची आणि केवळ हिंदी वाचन शिकवायचे. हिंदीत मुले पुढे गेली. येथे एक बाब नजरेआड करू नये: जादा तास तुलनेसाठी निवडलेल्या शाळांतही होता. म्हणजे नुसत्या तासाने भागत नाही. फरक पाडला तो त्या तासाच्या ठरलेल्या कामाने आणि देखरेख करणाऱ्या गटपातळीवरील समन्वयकांनी. त्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना याच पद्धतीने शिकवले होते. तपासणाऱ्याने आधी शिकवावे, ही कल्पना आमच्या प्रशासनाला किती परकी आहे, हे सांगायला नको.

गट पाडणे म्हणजे नवी वर्णव्यवस्था, हा आक्षेप मी हलका मानत नाही. दिल्लीत २०१६ साली मोठ्या इयत्तांत गट पाडले गेले तेव्हा तो घेतला गेला, आणि वारंवार नापास झालेल्यांना पत्राचार विद्यालयाकडे वळवले गेले तेव्हा तर तो खरा वाटू लागला. पण हरियाणातील मुले तासभरच वेगळी बसत आणि उरलेला दिवस आपल्याच वर्गात असत. ज्या गटातून बाहेर पडण्याची वाट नाही, त्याला आधार म्हणू नये. ती तुकडी आहे.

आणि आता आपण पुन्हा नापास करण्याकडे वळलो आहोत. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत मुलांना रोखण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या नियमांतही तशी तरतूद केली. नापास झालेल्या मुलाला जादा अध्यापन, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि तरीही रोखले गेल्यास वर्गशिक्षकाचे मार्गदर्शन. म्हणजे खंड (घ) पुन्हा लिहिला, पण त्यासाठी लागणारा तास कोणत्या विषयातून काढायचा, हे पुन्हा लिहिले नाही. पहिलीत मागे पडलेल्या मुलाला पाचवीच्या शेवटी दोन महिने देणारी ही व्यवस्था स्वतःला कठोर म्हणवते. कठोर ती फक्त मुलाशी आहे.

मला हवे आहे ते एवढेच: तिसरी ते पाचवीच्या अभ्यासक्रमातून रोजच्या एका तासाइतका भाग वगळण्याचा लेखी आदेश, अर्थसचिव नव्हे तर शिक्षण सचिवांच्या सहीचा. यात पैशाचा प्रश्न फारसा नाही. आणि समन्वयकांना माहिती भरण्याच्या कामातून मोकळे करून वर्षातले वीस दिवस वर्गावर पाठवण्याचा दुसरा आदेश. ‘निपुण भारत’ने २०२१ मध्ये २०२६-२७ ही मुदत घातली. या दोन आदेशांवाचून ती मुदतही नोंदवहीतच पाळली जाईल.

त्या शाळेतला तीन रंगांचा नमुना कोठून आला, हे मी मुख्याध्यापकांना विचारले नाही. तो ज्या बैठकीत मंजूर झाला तिच्या इतिवृत्ताखाली माझी सही आहे. मुलाने गट बदलल्याची तारीख लिहिण्यासाठी त्यात रकानाच नव्हता.