तोतया कवी आणि समीक्षेची कसोटी

काव्येतिहासातील बनावटगिरीची प्रकरणे बहुधा गमतीचे किस्से म्हणून सांगितली जातात. समीक्षक कसे फसले यावर हसून विषय संपविला जातो. वस्तुतः या प्रकरणांतून साहित्यविचारातील एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. कविता कोणाची, हा कर्तृत्वनिर्णय. कविता कशी, हा मूल्यनिर्णय. या दोहोंचा परस्परसंबंध नेमका कोणता?

१९४३ मध्ये ऑस्ट्रेलियात लष्करी सेवेत असलेल्या जेम्स मॅकॉली व हॅरल्ड स्ट्यूअर्ट या दोन कवींनी ‘अर्न मॅली’ नावाचा कवी निर्माण केला. नवकवितेच्या पुरस्कर्त्यांना खरे-खोटे ओळखता येत नाही, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. शब्दकोश, शेक्सपिअरचे ग्रंथ, डासांच्या पैदाशीच्या जागांचा निचरा करण्याविषयीचा अहवाल अशा हाताशी आलेल्या पुस्तकांतून शब्द उचलून त्यांनी कविता जुळविल्या. कवी ऐन पंचविशीत वारला आणि बहिणीला त्याचे हस्तलिखित सापडले, अशी करुण कथाही त्यांनी सोबत जोडली. अॅडलेडच्या ‘अँग्री पेंग्विन्स’ या नियतकालिकाचा तरुण संपादक मॅक्स हॅरिस याने १९४४ मध्ये मॅलीवर विशेष अंक काढला. त्याच वर्षी बिंग फुटले. पुढे या कवितांतील मजकूर अश्लील ठरवून न्यायालयाने हॅरिसला ५ पौंड दंड केला. रचणारे ज्याला अर्थशून्य म्हणत होते, त्यात न्यायालयाला शिक्षापात्र अर्थ सापडला!

या प्रकरणाने हॅरिसचा कर्तृत्वनिर्णय चुकला, एवढेच सिद्ध झाले. कविता टाकाऊ आहेत, हे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन जाणते कवी थट्टेने लिहू लागले तरी भाषेवरील त्यांचा हात सुटत नाही. १९९१ च्या पेंग्विन प्रकाशनाच्या आधुनिक ऑस्ट्रेलियन कवितासंग्रहात या कवितांना स्थान मिळाले, ते कवी काल्पनिक आहे हे पूर्णपणे ठाऊक असताना. रचणाऱ्याचा हेतू हा मूल्याचा पुरावा होऊ शकत नाही, हाच याचा अर्थ.

मात्र यावरून कर्त्याचे नाव अप्रस्तुत आहे, कलाकृती सर्वस्वी स्वायत्त आहे, असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. ब्रिस्टलच्या टॉमस चॅटर्टनचे (१७५२-१७७०) उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याने स्वतःच्या कविता पंधराव्या शतकातील टॉमस राउली या धर्मोपदेशकाच्या नावावर खपविल्या. होरेस वॉल्पोलने प्रथम त्यांत रस घेतला आणि संशय येताच पाठ फिरविली. याच वॉल्पोलने आपली कादंबरी १७६४ मध्ये जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून प्रसिद्ध केली होती, हे विसरता येत नाही. चॅटर्टन सतराव्या वर्षी मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर टॉमस टिरविटने भाषिक पुराव्यांच्या आधारे या कविता पंधराव्या शतकातील नाहीत, असे दाखवून दिले.

या निर्णयाने कविता नष्ट झाल्या नाहीत. त्यांचा काळ बदलला. काळ बदलताच अर्थही बदलला. जो जुना शब्द राउलीच्या मुखी स्वाभाविक ठरला असता, तोच चॅटर्टनच्या लेखणीतून उतरला की हरवलेल्या युगाची ओढ व्यक्त करू लागतो. म्हणजे कर्तृत्वाचा मूल्याशी संबंध असतो, पण तो अर्थाच्या मार्गाने. नाव पाहून मूल्य ठरविणे जितके चूक, तितकेच नावाकडे डोळेझाक करून अर्थ लावणेही चूक होय.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपली ओवी घालू पाहणाऱ्याला स्पष्ट शब्दांत बजावले. तुकारामांच्या नाममुद्रेखाली इतरांचे अभंग आढळतात आणि गाथ्याच्या संपादकांना त्यांची निवड करावी लागते. अर्थात प्रक्षेप आणि तोतयेगिरी यांत भेद केला पाहिजे. मॅलीच्या जनकांना वाचकाला फसवून उघडे पाडावयाचे होते. संताच्या नावे अभंग रचणारा अनामिक पुष्कळदा आपले नावच त्या परंपरेत विसर्जित करीत असतो. त्याला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्याचा अभंग तुकारामांच्या चरित्राचा पुरावा म्हणून वापरणे हाही अन्यायच होय, आणि तो तुकारामांवर.

संशोधनात हा दुसरा अन्याय सहज घडतो. आवडलेला अभंग अस्सल मानावा आणि अडचणीचा प्रक्षिप्त ठरवावा, असा मोह विद्वानांनाही होतो. येथे मूल्यनिर्णय कर्तृत्वनिर्णयाची जागा बळकावतो. हॅरिसची चूक उलट्या दिशेने घडते. यावर उपाय एकच आहे. प्रथम हस्तलिखिते, भाषारूपे, छंद यांच्या आधारे पाठ निश्चित करावा. मग त्या काळात ठेवून अर्थ लावावा. आणि शेवटी मूल्य ठरवावे. प्रक्षिप्त ठरलेला अभंग गाथ्याच्या मुख्य संहितेतून बाहेर जाईल. पण तो चांगला असेल, तर एका अनाम कवीची कविता म्हणून त्याचा अभ्यास झालाच पाहिजे. पाठचिकित्सा ही कवितेच्या आस्वादाआधीची रुक्ष हमाली नव्हे. आस्वाद कोणत्या कवितेचा घ्यावयाचा, हे तीच ठरविते.