माशासाठी कोणतं पाणी शुद्ध?



मागच्या वर्षी माझ्या लेकाला एका वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये दोन गोल्डफिश मिळाले. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन जिवंत जीव! परत द्यावेत की ठेवावेत, या विचारात दोन दिवस गेले आणि ते आमच्या गोवंडीच्या घरातच राहिले.

मी ठरवलं, आलेच आहेत तर घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी द्यायचं. आरओचं, तेही उकळून गार केलेलं. रोज सगळं पाणी बदलायचं, खडे गरम पाण्याने घासायचे. आठव्या दिवशी एक मासा तळाशी आडवा पडला होता. प्रतिक्रमणात त्याची क्षमा मागितली, पण चुकलं काय ते कळल्याशिवाय ती क्षमा अपुरीच वाटत होती. म्हणून विचारलं, वाचलं.

आरओमध्ये पाण्यातले क्षार जवळजवळ निघून जातात. अशा पाण्यात माशाच्या अंगातले क्षार कल्ल्यांवाटे बाहेर झिरपत राहतात आणि ते टिकवता टिकवता तो थकतो. उकळल्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू उडून जातो. आणि खडे घासून मी त्यांच्यावरचे जिवाणूच मारत होते. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं बऱ्याच कमी घातक नायट्रेट. हे जिवाणू नव्या टाकीत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी त्यांना आठ दिवसही दिले नाहीत.

तेव्हा आजी आठवली. सांगलीकडच्या आमच्या गावी ती दुहेरी कापडातून विहिरीचं पाणी गाळायची आणि गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, गाळलेल्या पाण्याने अलगद त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या विहिरीत कधीच नाही. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात तो जगतो, एवढं तिला ठाऊक होतं. आपलं प्रासुक पाणी आपल्या व्रतासाठी आहे. माशाची शुद्धता वेगळी, हे मी विसरले होते.

मग नळाचं पाणी थेट ओतावं का? तेही नाही. भातसा, वैतरणा, तानसा इथून येणारं पाणी शुद्धीकरणात क्लोरीन घालूनच आपल्यापर्यंत येतं. आपल्याला ते रोगांपासून वाचवतं, माशाचे कल्ले मात्र जाळतं. म्हणून मी आता रुंद तोंडाच्या बादलीत पाणी भरून 24 तास ठेवते. वर पातळ कापड बांधते, म्हणजे डास अंडी घालत नाहीत आणि दुसरा जीव आत पडत नाही. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब, बाटलीवरच्या मापाने. पाण्यात क्लोरामीन असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, थेंबच लागतात. आठवड्याला फक्त पाव भाग पाणी बदलते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळते. ते पाणी मग तुळशीला. आमच्या भागात कितीतरी बायका कॅनने पाणी विकत घेतात. तिथे माशासाठी आरओ लावून त्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं मला पटत नाही.

काहीजणी म्हणतात, "एवढा खटाटोप कशाला? तळ्यात सोडून दे, जीवदया होईल." नाही होणार. आपल्या जवळची खाडी खारी, तिथे गोड्या पाण्यातला मासा तडफडून मरेल. आणि तळ्यात जगला तर तिथल्या माशांच्या मुळावर येईल. उजनी धरणात काचेच्या टाक्यांमधला सकर मासा पसरला आणि तिथले मासेमार हैराण झाले, हे आपण बातम्यांत वाचलं आहे.

खरा प्रश्न त्याआधीचा आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शोभेसाठी मासा काचेत ठेवणं हा मला बंधच वाटतो. शिवाय माशांच्या तयार खाद्यात बहुतेक वेळा माशांचीच भुकटी असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मासे विकत आणू नका, भेट देऊ नका, आणि मुलांच्या वाढदिवसाआधी इतर आयांना तसं सांगूनही ठेवा. पण जो जीव घरात आलाच आहे, त्याचा "आम्ही मासे पाळत नाही" म्हणून हेळसांड करू नका. त्याला मिळणारं पाणी आपल्याच हातात आहे. चुकीचं पाणी देणं हा अन्नपाननिरोधाचाच भाऊ.

आमचा दुसरा मासा वाचला. आता 60 लिटरच्या टाकीत आहे. लेक रोज रात्री बादलीवर कापड बांधतो. कुठल्याही पाठशाळेत न गेलेली त्याची ही जयणा पाहून मला बरं वाटतं. त्याच्यानंतर नवा मासा आणायचा नाही, हेही त्यानेच ठरवलं आहे.

जय जिनेंद्र.